रेशनचा तांदूळ आणि घरावरचा पत्रा



मृग जवळ आला की खान्देशातल्या आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. यंदाही आला. विचारणारी भगिनी जळगावची, आणि प्रश्न अगदी सरळ: "रेशनच्या तांदळावर हार्डवेअरवाला पत्रे द्यायला तयार आहे. घ्यावेत का?"

कायद्याचे उत्तर एका शब्दात देता येते. नाही. पण एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर बहुधा स्लॅब असतो. म्हणून आम्ही या वेळचे सदर याच प्रश्नाला द्यायचे ठरवले.

हा व्यवहार चालतो कसा, ते वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. तरी ज्यांच्या घरी अजून ही वेळ आली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. वैशाखात घरमालकीण वर बघते. पत्र्याला भोके पडलेली असतात, मागच्या वर्षीची ताडपत्री उन्हाने कडकडून तुटलेली असते. धाब्याचे घर असेल तर पांढरी माती धुऊन गेलेली असते आणि नवी माती टाकायला गाडीचे पैसे नसतात. मग हार्डवेअरच्या दुकानात जायचे. पत्रे, अँगल, जे-हूक, वॉशर, सगळे उधारीवर मिळते, वहीत नाव लागते. "हप्ता कशाने देणार?" असे दुकानदार विचारतो. रोजंदारीवाल्याकडे याला उत्तर नसते. तेव्हा तोच तोड काढतो: "रेशन मिळतंच ना तुम्हाला? कार्ड ठेवा इथं."

पूर्वी नुसते कार्ड दिले की काम भागायचे. 2017-18 च्या सुमारास रेशन दुकानात पॉस मशीन आले आणि अंगठा लागू लागला. त्यामुळे आता कार्ड गहाण पडले तरी महिन्याच्या महिन्याला घरातल्या कोणाला तरी रेशन दुकानात जाऊन अंगठा द्यावा लागतो. अंगठा आपला, नाव आपले, आणि गोणी मात्र परस्पर हार्डवेअरच्या मागच्या खोलीत. काही ठिकाणी मोटारसायकलवर काटा अडकवून फिरणारा घेणारा दारातूनच तांदूळ उचलतो आणि पैसे दुकानदाराकडे जमा करतो. नावे वेगळी, गोष्ट एकच.

तांदूळच का जातो, तेही समजून घेतले पाहिजे. आपण भाकरीची माणसे. ज्वारी, बाजरी, सवड असेल तर कळण्याची भाकरी. भात लागतो तो खिचडीपुरता, आजाऱ्याला, नाहीतर पाहुणा आल्यावर. रेशनवर येतात गहू आणि तांदूळ, मध्येच कधी ज्वारी. त्यामुळे तांदूळ उरतो. जो उरतो तो विकला जातो, यात बाईच्या चारित्र्याचा काही प्रश्न नाही. "गरिबांना फुकट मिळतं म्हणून विकतात" असे ओट्यावर बसून बोलणाऱ्यांनी खान्देशात भात किती खातात एवढे तरी आधी पाहावे.

आता हिशेब. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. आपल्या राज्यात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते. सुरुवातीला तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत झाले, आणि 1 जानेवारी 2024 पासून आणखी पाच वर्षे मोफतच राहील असे केंद्राने ठरवले.

पाच माणसांचे घर धरा. महिन्याला 25 किलो. त्यात समजा 15 किलो तांदूळ. घेणारा किलोला 15 रुपये देतो असे धरू. तुमच्या वस्तीत भाव दुसरा असेल तर तो घाला. महिन्याचे झाले 225 रुपये. एका खोलीवर दहा फुटी पाच पत्रे, अँगल, हूक आणि बसवणाऱ्याची मजुरी मिळून 6 हजार रुपये धरा. 225 रुपयांनी हे 6 हजार फिटायला लागतात 27 महिने, म्हणजे सव्वादोन वर्षे. तेवढ्या काळात घरातून गेला 405 किलो तांदूळ. हाच तांदूळ वाण्याकडून 40 रुपयांनी घ्यायचा म्हटला तर 16 हजार 200 रुपये लागतील. सगळा नको, घरात लेकरे आहेत म्हणून निम्माच विकत आणला असे समजले तरी 8 हजार 100 रुपये होतात. 6 हजारांचे छप्पर त्या भावाने घेतले की किती महाग पडले ते पाहा. सरकारी हिशेबातही हा तांदूळ खरेदी, वाहतूक आणि साठवण धरून किलोला जवळपास 40 रुपयांना पडतो. म्हणजे 40 ची वस्तू 15 ला जाते आणि मधले 25 रुपये ज्याच्या हाती लागतात, तो आपल्या वस्तीत राहत नाही.

आणि हिशेब असा सरळ तरी कुठे चालतो? दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा एखादा पत्रा उडतो, मोरीचा पाइप फुटतो, दाराची कडी निखळते. वहीतली रक्कम खाली येतच नाही. आम्ही अशा वह्या पाहिल्या आहेत. मुलगा बारावी झाला तरी बापाच्या वेळचे पान मिटलेले नव्हते. हिशेब विचारला तर "कार्ड घेऊन जा, पण आधी पूर्ण रक्कम ठेवा," एवढेच उत्तर.

कार्डाबद्दल कायदा काय म्हणतो ते स्पष्ट आहे. खुद्द रेशन दुकानदारालाही माल दिल्यावर कार्ड स्वतःकडे ठेवून घेता येत नाही; सार्वजनिक वितरणाच्या 2001 च्या नियंत्रण आदेशातच ते आले आहे. मग हार्डवेअरवाल्याला कोणता अधिकार? रेशनचे धान्य खरेदी करून बाजारात फिरवणे हा जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 खाली गुन्हा आहे, तुरुंगाची शिक्षा आहे. पण धाड पडते तेव्हा पुष्कळदा व्यापारी सुटतो आणि गोणीवर ज्याचे नाव निघाले त्या घराला कार्ड रद्द होण्याची नोटीस येते. म्हणून भगिनींनो, गुन्हेगार तुम्ही नाही, हे खरे. पण भीती तुमच्याच दारात येते, हेही खरे.

जुन्या लोकांना आठवत असेल, एके काळी बांधकामाचे सामानसुद्धा कागदावरच मिळत असे. सिमेंटला परमिट लागायचे. दहा गोण्यांसाठी तहसीलच्या चकरा, आणि परमिट हाती आले तरी माल आलेला नसायचा. 1982 च्या जानेवारीत सिमेंटच्या वाटपावरून उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि मुख्यमंत्री अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी सिमेंट अर्धवट खुले झाले, 1989 मध्ये पूर्ण. रेशनवर कंट्रोलचे कापड मिळे, साखर आणि रॉकेल मिळे. अलीकडे 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत आनंदाचा शिधा आला, 2023 मध्ये गुढीपाडवा आणि बाबासाहेबांची जयंती मिळून एक शिधा आला, अंत्योदयवाल्या बायांना साडीही आली. पण खिळा, पत्रा आणि सळई रेशनवर कधीच आली नाही.

उलटा प्रकार मात्र झाला आहे. बांधकाम करा आणि धान्य घ्या. 1972 च्या दुष्काळात आमच्या आयाबायांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, तेव्हा कामावर सुकडी वाटली जाई आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी होई. ती भाकरी थापताना तुटायची, असे म्हाताऱ्या अजून सांगतात. 2001 साली केंद्राची संपूर्ण ग्रामीण रोजगार योजना आली. तिच्यात दिवसाला 5 किलो धान्य आणि मजुरीचा किमान चौथा हिस्सा रोख, असा नियम होता. गावचे रस्ते आणि शाळेच्या खोल्या त्या धान्यावर झाल्या. ज्यांनी त्या बांधल्या, त्यांच्या घराचा पत्रा तसाच गळका राहिला.

अमेरिकेतही गरिबांना अन्नासाठी सरकारी मदत मिळते. तिथे त्या पैशांतून साबण घेता येत नाही, हातोडी आणि खिळेही घेता येत नाहीत. पण 1973 पासून एक सोय झाली. खायची भाजी किंवा फळ देणारे बी आणि रोप त्या मदतीतून घेता येते. आम्हाला ही गोष्ट आवडली. आपल्या कार्डावर अजून बियाणे नाही. ते असते तर गिलके, दोडके, वाल यांचे वेल त्याच पत्र्यावर चढले असते. वेल असला की खालची खोली उन्हाळ्यात थोडी निवते, हे भुसावळच्या उन्हात राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

आता मुख्य गोष्ट. कार्ड दुसऱ्या दुकानदाराच्या हाती द्यायचे नाही असे आम्ही एवढ्या कळकळीने का म्हणतो? नुसते नुकसान होते म्हणून नाही.

1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारी पाहण्यासाठी एक समिती नेमली होती. स्टार्ट समिती म्हणून ती ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सदस्य होते. खान्देशच्या दौऱ्यात ते चाळीसगावला उतरले, ते धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी. चाळीसगावच्या वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवर टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. टांगा पुलावर आपटला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. ही हकिकत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण ज्या कामासाठी ते इथे आले होते त्या कामाकडे आपले लक्ष कमी जाते. बहिष्कार म्हणजे काय? वाट बंद, काम बंद, आणि गावच्या वाण्याचे दुकान बंद. पैसे हातात असूनही मीठ नाही, पीठ नाही. स्टार्ट समितीने आपल्या 1930 च्या अहवालात या हत्याराचे वर्णन करून ठेवले आहे. दुकानदाराची मर्जी हीच आपली दोरी, असे ते दिवस होते.

रेशन कार्डाने ती दोरी कापली. सरकारी शिक्क्याचा कागद, त्यावर आपले नाव, आपल्या लेकरांची नावे. दुकानदाराला आवडो न आवडो, मापाने धान्य द्यावेच लागते. या दुकानात नीट देत नसेल तर आता दुसऱ्या दुकानातून उचलता येते. कामाला सुरतेला गेलेल्या आपल्या कुटुंबांना तिथल्या दुकानातही त्याच कार्डावर धान्य मिळते. असा कागद पाच पत्र्यांसाठी एका खासगी माणसाच्या गल्ल्यात ठेवला, तर पुन्हा त्याची मर्जी आली. तो बसा म्हणेल तेव्हा बसायचे, या म्हणेल तेव्हा यायचे. सुरतेला जायचे तर त्याला विचारून.

भगवंतांनी भिक्खूंच्या चार गरजा सांगितल्या आहेत: चीवर, भिक्षान्न, निवारा आणि आजारपणातले औषध. भिक्षान्न वेगळे आणि निवारा वेगळा. ज्याने घर सोडले त्यालाही दोन्ही लागतात असे धम्म मानतो, मग संसारी माणसाला एक विकून दुसरे घे असे कोण सांगू शकेल?

निवाऱ्याचा आपला हक्क वेगळा आहे आणि तो मागायचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. घर किमान 269 चौरस फुटांचे. ग्रामीण भागात मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, शहरात अडीच लाख. चालू आकडा ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी विचारावा, तोंडी नको. मजुरीचे आणि शौचालयाचे पैसे वेगळे मिळतात का तेही त्याच अर्जात विचारावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जागेचा नमुना 8 अ किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, आणि बँकेचे पासबुक. दाखल्यावर "बौद्ध" लिहिले म्हणून कोणी कागद परत केला तर गप्प बसू नये. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्याही कायद्याने 1990 साली मान्य झाल्या आहेत.

पण खरी गोची घरकुल मंजूर झाल्यावरच होते, हे आम्ही लपवणार नाही. पैसे टप्प्याने येतात. पाया झाला, फोटो गेला, मग हप्ता. भिंती आल्या, फोटो गेला, मग हप्ता. मधल्या महिन्यांत काम थांबले तर जुने घर पाडलेले आणि नवे उघडे. सिमेंट आणि सळईची उधारी इथेच चढते आणि रेशन कार्ड इथेच गहाण पडते. धुळ्याच्या एका वस्तीत आम्ही विचारले, तेव्हा कार्ड देणाऱ्या घरांपैकी बहुतेकांचे घरकुल मंजूर होते. ज्याला काहीच मिळाले नाही तो ताडपत्री टाकून बसला होता. अडकला तो, ज्याला निम्मे मिळाले होते. म्हणून जुने घर एकदम पाडू नये. मागची एक खोली उभी ठेवून पुढचे काम काढावे. आणि हप्ता अडकला तर पंचायत समितीत अर्ज देऊन पोच घ्यावी. तारखेची पोच हाती असली की साहेबाची भाषा बदलते.

घरांचा पैसा कसा मुरतो ते जळगाव-धुळ्याला बाहेरच्याने सांगायची गरज नाही. जळगाव नगरपालिकेने 1990 च्या दशकात गरिबांसाठी अकरा हजारांवर घरे बांधायला घेतली. पुरी झाली ती त्यातली थोडी. 2006 साली गुन्हा दाखल झाला, आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. प्रकरण पुढे अपिलात उच्च न्यायालयात गेले. त्या न झालेल्या घरांसाठी ज्यांनी नावे दिली होती, त्यांच्यापैकी कितीतरी जण अजून पत्र्याखालीच पावसाळे काढत आहेत.

काही जण म्हणतात, धान्याऐवजी रोखच द्या, ज्याला पत्रा हवा तो पत्रा घेईल. आपल्या शेजारी याचा नमुना आहे. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरकडे गेले की बुलढाणा जिल्हा लागतो. तिथे आणि एकूण 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2023 पासून धान्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात देण्याचे ठरले, 2024 मध्ये ते 170 झाले. जळगाव, धुळे त्यात नाहीत. रोख कुठेही चालते, हे बरोबर. औषधाला चालते, हार्डवेअरमध्ये चालते, दारूच्या गुत्त्यावरही चालते. पण 170 रुपयांत 40 चा तांदूळ सव्वाचार किलो येतो, आणि भाव चढला की तेवढाही येत नाही. धान्याची 5 किलोची गोणी भाव चढला म्हणून 4 किलोची होत नाही. शिवाय ते पैसे शेतकऱ्यांचे, सातबारा असलेल्यांचे. आपल्यातल्या भूमिहीनाला त्यात जागा नाही. आमचे मत धान्याच्या बाजूने आहे. मात्र तांदूळ कमी आणि ज्वारी-बाजरी जास्त द्या, ही मागणी खान्देशाने जोराने केली पाहिजे. जे घरात शिजते ते कोणी पत्र्यासाठी विकत नाही.

ज्यांचे कार्ड आधीच अडकले आहे त्यांनी घाबरू नये. आधी चार जाणती माणसे घेऊन दुकानदाराकडे जावे, वहीतला हिशेब कागदावर मागावा आणि कार्ड परत घ्यावे. उधारी बुडवायची नाही, ती पैशाने फेडायची. पण कार्ड त्याच दिवशी हातात. ऐकले नाही तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार. फोन करायचा तर 1967 किंवा 1800-22-4950, दोन्ही मोफत. रेशन दुकानातून मशीनची छापील पावती दर वेळी घ्यावी. पावतीवर 25 किलो आणि पिशवीत 20 किलो, हा दुसरा रोग आहे. त्यावर पुढे कधीतरी.

आणि पत्र्याचे काय, हा प्रश्न उरतोच. घरकुल येईल तेव्हा येईल, पाऊस तर मृगातच येणार. एका वस्तीतल्या महिला मंडळाने काढलेला मार्ग आम्हाला पटला, म्हणून सांगतो. त्यांनी पत्र्याची भिशी लावली आहे. अकरा बाया, महिन्याला प्रत्येकी 300 रुपये. आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या वंदनेनंतर विहारातच पहिली भिशी निघते आणि वैशाख पौर्णिमेला अकरावी. पैसे हातात द्यायचे नाहीत, असा त्यांचा नियम. मंडळाच्या दोघी जणी दुकानात बरोबर जातात आणि 3,300 रुपयांचा माल रोखीने घेतात. रोखीमुळे पत्र्यामागे काही रुपये सुटतात, त्यातून हूक आणि वॉशर निघतात. पत्रे बसवायला वस्तीतली पोरे रविवारी चढतात. त्यांना चहा आणि पोहे. उचललेल्या बाईने हप्ता चुकवल्याची गोष्ट दोनदा झाली. दोन्ही वेळा घरात आजारपण होते आणि बाकीच्यांनी तो हप्ता सांभाळून घेतला. नंबर चिठ्ठ्या टाकून काढतात. मागच्या आषाढात मात्र पहिली चिठ्ठी उचललीच नाही. वस्तीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते, तिचा अर्धा पत्रा वादळात नाल्यापलीकडे गेला होता. पहिले पत्रे तिच्या घरावर चढले, आणि ती दर महिन्याला सगळ्यांच्या आधी 300 रुपये आणून देते.